स्पंज, घोंगडं आणि अव्वांचं दार

संपादक म्हणाले, "ड्रायव्हरीतला छाती दडपणारा एखादा प्रसंग लिहा." त्यांना काय पाहिजे ते मला कळलं. घाटात ब्रेक गेला, वळणावर वाघ आडवा आला, असलं काहीतरी. आता आमच्या सोलापुराभोवती घाट कुठला आणायचा? वाघ तर मी सर्कशीतच बघितला. खरं सांगायचं तर उभ्या जन्मात माझी छाती सगळ्यात जास्त धडधडली ती गाडी धुताना. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे हसायला जागा कमी आहे.

हा काळ दोन महायुद्धांच्या मधला. सोलापुरात मोटारी इतक्या थोड्या होत्या की हॉर्नवरून कुणाची गाडी ते लोक ओळखायचे. माझे मालक शुक्रवार पेठेत राहायचे. भुसाराचे मोठे व्यापारी. नाव शिवलिंगप्पा, पण सगळी पेठ त्यांना अप्पाच म्हणायची. त्यांची गाडी अमेरिकन, काळी, उंच, चार दारांची. रंग असा की सकाळी दुकानाला निघताना अप्पा गाडीच्या दारात वाकून बघायचे आणि त्यातच रुमाल नीट बांधायचे. गाडीवर त्यांचा इतका जीव की पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "सिद्राम, गाडी ठोकलीस तर बघू, माणूस हाय, चुकतंय. पर रंगावर एक रेघ दिसली की कुंभारीचा रस्ता धरायचा."

कुंभारी माझं गाव. तिथे भावांची थोडकी जमीन आणि खाणारी तोंडं फार. तिकडे परत जाणं म्हणजे त्यांच्या ताटातली भाकरी ओढणं. तेव्हा ती एक रेघ कायम माझ्या डोळ्यांपुढे असायची, अजून उमटायची होती तरी. माझा स्वभावच मेला काळजीखोर. बायको म्हणायची, तुम्ही झोपेतसुद्धा कपाळाला आठ्या घालून झोपता.

आता धुण्यात एवढं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. सांगतो. मोटारीच्या रंगाला ऊन सोसतं, पाऊस सोसतो. सोसत नाही ती धूळ. आमच्या काळ्या रानाची धूळ हाताला पिठासारखी मऊ लागते, पण तिच्यात बारीक कण असतात. कोरडी धूळ फडक्याने पुसली की ते कण फडक्याखाली फरफटत जातात आणि मागे रेघा ठेवतात. म्हणून आधी भरपूर पाणी ओतायचं, धूळ भिजवून खाली घालवायची, आणि मग उरलेली हाताने काढायची. त्या वेळी हातात काय धरायचं, सगळं गाडं तिथे येऊन अडतं. हातातली वस्तू मऊ असून भागत नाही. कण पोटात घेणारी पाहिजे. सपाट फडकं कणाला रंगावरच धरून ठेवतं. जाळीची किंवा लवेची वस्तू असली की कण आत शिरतो आणि रंगापासून लांब राहतो. एवढं कळलं की निम्मी ड्रायव्हरी आली असं मी समजतो. कुणी हसलं तर हसू दे.

हे न कळल्याने काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. एका वकिलांच्या गड्याने नव्या कोऱ्या गाडीला काथ्या आणि राख लावली. हंडा घासावा तशी घासली हो! घाम निथळेपर्यंत! वकीलसाहेब कोर्टाला निघाले, गाडीकडे बघितलं आणि तिथेच पायरीवर बसले. आमच्या गिरण्यांच्या गावात दुसरा मोह म्हणजे गिरणीतलं टाकाऊ सूत. एंजिन पुसायला त्याच्यासारखं काही नाही. पण त्यात सरकीचं एखादं टरफल अडकलेलं असतं, ते रंगावरून फिरलं की झालं कल्याण.

आमच्या गाडीबरोबर मुंबईहून एक डबा आला होता. त्यात स्पंज. पिवळसर, भोकाभोकांचा, वाळला की वाळक्या भाकरीसारखा कडक आणि पाण्यात टाकला की लोण्यासारखा. काय सांगू त्याचं! एकदा दारावरून फिरवला की सगळे कण भोकांत. बादलीत पिळला की कण तळाला. मुंबईचा माणूस म्हणाला होता, हा समुद्रातून येतो. समुद्रातून येतो आणि हलत नाही, म्हणजे शेवाळासारखं काही असणार, असा मी आपला हिशेब केला.

अप्पांच्या आईला सगळे अव्वा म्हणायचे. सकाळी ओट्यावर बसून त्या देवाच्या वाती वळायच्या आणि मी समोरच्या चौकात गाडी धुवायचो. ठेंगणी बाई, कपाळभर विभूती, आणि गळ्यात लिंगाची चांदीची करडगी, म्हणजे लिंबाएवढी डबी. चालताना ती पुढे झुलायची. डोळे अधू झाले होते, पण कान आणि जीभ शाबूत. घर कडक शाकाहारी. मोटारीच्या बैठकी चामड्याच्या आहेत हे कळल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी त्यांच्यावर जाड सोलापुरी चादरी घालून घेतल्या आणि मगच बसल्या. स्पंज बघून त्यांनी मला विचारलं होतं, "हे काय रे, सिद्या?" मी म्हणालो, "समुद्रातलं शेवाळ हाय, अव्वा." त्या म्हणाल्या, "मग बरं."

त्या दिवाळीत अव्वांचा धाकटा मुलगा बसवराज, घरातला बसू, पुण्याच्या कॉलेजातून सुटीवर आला. सायन्स शिकत होता. सकाळी चूळ भरत ओट्यावर उभा राहिला, माझ्या हातातल्या स्पंजाकडे बघितलं आणि हसत सुटला.

"अव्वा, सिद्राम तुझ्या गाडीला जनावर फासतोय बघ!"

"काय फासतोय?"

"स्पंज म्हंजे समुद्राच्या तळाला राहणारा प्राणी. हे त्याचं हाडूक म्हण की."

अव्वांच्या हातातली वात अर्धी राहिली. "म्हंजे जीव होता?"

"जीवच की."

"मेलेला?"

"मग काय जिता धरून फासणार?"

पोरगा आपला मजेत बोलून आंघोळीला गेला. अव्वा मला बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त वातींचं तबक उचललं आणि आत गेल्या. एरवी दर सोमवारी सिद्धेश्वराच्या देवळात गाडीने जायच्या, त्या सोमवारी चालत गेल्या. गुडघे दुखायचे, तरी चालत. मी गाडी घेऊन मागून हळूहळू येत होतो, तर वळून म्हणाल्या, "माझ्या मागं मागं येऊ नको. लोकं बघत्यात."

अप्पांनी मला फैलावर घेतलं. जसा काही तो प्राणी मीच मारला होता! म्हणाले, दुसरी वस्तू शोध. मी शोधली की हो. मागच्या मडगार्डची आतली बाजू कुणाच्या नजरेला पडत नाही, तिथे एकेक वस्तू फिरवून बघितली. जुनं धोतर फिरवलं, बारीक रेघा आल्या. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी फिरवली, तिने तर ओरबाडलंच. बाजारातून घोंगड्याचा तुकडा आणला. कुणीतरी म्हणालं लोकर मऊ असते. कसली मऊ! नव्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ असते, त्याने ते पत्र्यासारखं कडक होतं. वर त्यात मेंढराच्या अंगाला चिकटलेली गवताची कुसळं तशीच विणलेली. मी अप्पांना येऊन सांगितलं, स्पंजाला तोड नाही. अप्पा वैतागून म्हणाले, "मग स्पंजच चालू दे. अव्वाचा राग निवळंल तवा बघू."

राग निवळला नाही. मार्गशीर्ष उजाडला.

एक दिवस सकाळी अव्वांच्या धाकट्या बहिणीचा गडी मल्लू दारात येऊन उभा राहिला. बहीण नीलव्वा मैंदर्गीला दिलेली. मल्लू तिकडून रातोरात बैलगाडीने स्टेशनावर आला होता आणि तिथून आगगाडीने सोलापूरला. तो अडखळत म्हणाला,

"नीलव्वाक्का लई शिक हाईत, अव्वा. दोन दिस पोटात अन्न न्हाय. वैद्यानं हात टेकलं. आज संध्याकाळपतोर... सारकं अक्का अक्का म्हणत्यात. तुमी चला."

अव्वांनी रडणं-ओरडणं काही केलं नाही. आत गेल्या, गाठोडं बांधून बाहेर आल्या आणि तरातरा गाडीकडे निघाल्या. मी दार उघडून धरलं. त्यांनी फूटबोर्डावर पाय ठेवला, दाराला धरायला हात पुढे केला आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

"बैलगाडी जुंपा," त्या म्हणाल्या.

"अव्वा, बैलगाडीनं उद्या पोचशील!" अप्पा ओरडले. "आगगाडी आता सांजच्याला हाय. मोटारीनं दुपारी तितं असशील की!"

"मला कळत न्हाय व्हय रे? मला जायचं न्हाय व्हय?" अव्वांचा आवाज फुटला. "जाऊन मला तिच्या तोंडावरनं हात फिरवायचाय. तिच्या उशाला बसून पूजा करायचीय. मेलेल्या जिवानं पुसल्याल्या गाडीला हे हात लावून जाऊ? मग तिला हात कसा लावू?"

"दुसऱ्या कुणाची मोटार आणू?"

"त्यांनी कशानं पुसलीय ते तरी कुणाला ठावं?"

अप्पा कपाळाला हात लावून उभे राहिले. मल्लू भिंतीला टेकून खाली बसला. मी दार धरून तसाच. शेवटी अव्वाच खालच्या आवाजात म्हणाल्या, "धुऊन दे, सिद्या. चांगल्या वस्तूनं धुऊन दे. मी बसते."

अप्पा माझ्याकडे वळले. "काय वाट्टंल ते कर. पर अव्वा बसली पायजे." आणि दोन पावलं गेल्यावर सवयीने मागे वळून म्हणाले, "रंग संभाळून."

घ्या! आदल्याच दिवशी गाडी शेतावर जाऊन आली होती. टपापासून चाकापर्यंत काळ्या रानाची धूळ. हातात स्पंज नाही. मी पाणी ओतायला लागलो. ओतून ओतून आडाचं पाणी गढूळ यायला लागलं. आता हात लावल्याशिवाय पुढची धूळ निघणार नव्हती. मी एक धुतलेलं मऊ धोतर घेतलं, भिजवलं, बॉनेटपर्यंत नेलं आणि थांबलो. मडगार्डच्या आतल्या रेघा डोळ्यांपुढे आल्या. हात पुढे जाईना. इकडे म्हातारीची बहीण जायला टेकलेली, आणि मी रंगाला भिऊन उभा. लाज वाटत होती आणि भीतीही जात नव्हती.

"का थांबलास?" ओट्यावरून अव्वा.

आता खोटं कशाला बोलायचं. म्हणालो, "अव्वा, सपाट कापडानं जमत न्हाय. बारीक खडं रंगावरच घासत्यात. केसाळ काय तरी पायजे. खडं पोटात घेणारं. स्पंज तेवढ्यासाठीच..."

"त्याचं नाव काढू नको. लोकर चालंल का?"

"लोकर बघितली, अव्वा. राठ असतीय. बोचतीय."

त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात पूजेचं आसन होतं. मी ते रोज लांबून बघायचो. काळं, चौकोनी घोंगडं. त्यावर बसून हातावर लिंग घेऊन त्या पूजा करायच्या. घरातली पोरंसुद्धा त्याला पाय लावत नव्हती.

"हे जावळाचं हाय. हात लावून बघ."

जावळ म्हणजे कोकराची पहिली कातरलेली लोकर. तिचं घोंगडं फार थोडं निघतं. मी ओल्या हाताने भीत भीत धरलं. वर्षानुवर्षं बसून खळ कधीच गेली होती. बोटं आत रुतली. स्पंज विसरावा इतकं मऊ!

"अव्वा, हे पूजेचं हाय..."

"मग? गुरूला बसायला आपण कंबळीच घालतो. लोकर चांगली. मेंढरू मरत न्हाय तिच्यापायी." असं म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातून विळी आणवली, ओट्यावर बसल्या, विळीवर पाय दिला आणि आसनाचा कोपरा चर्रकन कापला. अप्पा "अव्वा!" म्हणेपर्यंत कापून झाला होता. तुकडा दुमडून, दोन बाजू शिवून त्यांनी हात जाईल अशी पिशवी करायला घेतली. दोरा मला ओवावा लागला.

पण मी काही सुटलो नव्हतो. जावळ झालं तरी कुसळ असू शकतं. म्हणालो, "अव्वा, एकदा चाचपायला पायजे. एक कुसळ राहिलं तरी रेघ." त्या चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी पिशवीची एक बाजू स्वतःकडे घेतली, दुसरी माझ्याकडे दिली. आम्ही दोघं ओट्याच्या कडेला बसून बोटांनी लोकर विंचरत होतो. मल्लू टक लावून बघत होता. ह्यांना वेड लागलंय असंच त्याला वाटलं असणार. तिकडे बाई मरायला टेकलीय आणि ही माणसं लोकर निवडत बसलीत! ऊन ओट्याच्या पायरीवर आलं. माझ्या कानात नुसतं "संध्याकाळपतोर, संध्याकाळपतोर" चाललं होतं.

"हे तिनंच धाडलं होतं," अव्वा एकाएकी म्हणाल्या. "नीलव्वानं. तितल्या धनगरांकडनं करून घेतलं. म्हणाली, अक्का, तुझं गुडघं दुखत्यात, फरशीवर बसू नको. तिला माझ्या गुडघ्याची काळजी. लहानपणी मी तिला काखेत घेऊन फिरले." त्यांची बोटं चाललीच होती. "हितं एक हाय बघ." माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं ते कुसळ त्यांच्या बोटांना सापडलं. मी नखाने उपटून टाकलं.

मग मी धुवायला लागलो. वरून खाली, सरळ हात, गोल गोल नाही. दर हाताला पिशवी बादलीत बुडवून पिळायची. लोकर कण पोटात घेत होती, रंग काळाभोर वर येत होता, आणि माझ्या जिवात जरा जीव आला. शेवटचं दार राहिलं. मागचं, डाव्या हाताचं. अव्वा त्याच दाराने चढायच्या.

"दे इकडं," त्या खाली उतरून म्हणाल्या. "माझं दार मी धुते."

नाही कसं म्हणणार? पिशवीत हात घालून त्या वाकल्या आणि दार धुवायला लागल्या. अधू डोळ्यांनी, अगदी जवळ जाऊन. तोंडाने काही पुटपुटत होत्या. तेवढ्यात मला ऐकू आलं. बारीक, खर्र.

"अव्वा, थांबा!"

मी पिशवी घेतली, उलटी केली, सुलटी केली. कुसळ सापडेना. दारावर पाणी होतं, ओल्या रंगावर काही दिसतही नव्हतं. अप्पा ओरडले, "चल आता! का मुहूर्त काढतोस?" मी दोन तांबे पाणी मारलं, अव्वांनी चादरीवर उरलेलं आसन घातलं, अप्पा त्यांच्या शेजारी आणि मल्लू माझ्या शेजारी बसला. निघालो.

हळू चालवली तर उशीर, जोरात चालवली तर खाचखळग्यांत स्प्रिंग तुटायची भीती. मागून अव्वांचा एकच प्रश्न, "कुटवर आलो?" कुंभारी लागली तेव्हा माझ्या भावाचं घर रस्त्यावरून दिसलं. दारात वहिनी धान्य पाखडत होती. मनात आलं, त्या खर्र आवाजाची रेघ असली तर उद्या आपण इथेच उतरायचं, कायमचं. लगेच मनातल्या मनात स्वतःला चपराक मारली. अरे, कुणाचं काय चाललंय आणि तुझं काय! तरी पुढे ओढ्याशी एंजिनला पाणी घालायला उतरलो तेव्हा मी त्या दाराकडे बघितलंच. पुन्हा धुळीने माखलं होतं. सगळं झाकलेलं.

मैंदर्गीत शिरलो तेव्हा ऊन अजून उतरायचं होतं. वाड्यापुढे बायका जमलेल्या होत्या. ते बघून अप्पा म्हणाले, "झालं." अव्वांनी मी दार उघडायची वाट बघितली नाही. स्वतः उघडलं आणि त्या गुडघ्यांनी अक्षरशः धावल्या. आसन काखेत.

मी उंबऱ्याबाहेर थांबलो, पण खोली समोरच होती. नीलव्वा घोंगडीवर निजलेल्या. अव्वा उशाशी बसल्या आणि त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. बराच वेळ काही झालं नाही. मग नीलव्वांनी डोळे उघडले.

"अक्का, बंद्या?"

आलीस का, एवढंच. माझ्या डोळ्यांतून टपटप पाणी यायला लागलं. अव्वांनी थंडी वाजतेय म्हणून तेच आसन बहिणीच्या छातीवर पांघरलं. नीलव्वांची बोटं त्याच्या कडेवरून चाचपत गेली आणि कापलेल्या कोपऱ्यावर थांबली.

"हे कुणी कापलं ग?"

"मी. गाडी धुवायला."

नीलव्वांनी बहिणीकडे बघितलं. "माझं जावळ... गाडीला?" म्हणाल्या आणि हसल्या. जायला टेकलेली बाई, आवाज नसलेलं हसू, पण हसल्या. जमलेल्या बायकाही रडता रडता हसायला लागल्या. संध्याकाळी त्यांनी दोन घोट आंबील घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं पडल्याबरोबर मी आडावरून पाणी आणलं. आधी ते दार धुतलं, कोरडं केलं आणि बघितलं. होती. बोटभर लांब, जराशी वाकडी, काळ्या रंगावर पांढरी रेघ. कडुनिंबाची काडी चावत अप्पा नेमके तेव्हाच बाहेर आले.

"हे काय?"

काय सांगणार? तुमच्या आईच्या पूजेच्या आसनात कुसळ राहिलं होतं, असं सांगू? म्हणालो, "माझ्या हातनं झालं असंल, अप्पा."

"असंल? गाडी तू धुतोस का गाव धुतंय?"

"ते दार मी धुतलं," मागून अव्वांचा आवाज आला. त्या उंबऱ्यात उभ्या होत्या.

"तुझ्या हातात लोकर होती, अव्वा. लोकरीनं अशी रेघ येत न्हाय. ह्यानंच अगोदर कशानं तरी..."

"बघू दे मला."

त्या आल्या. डोळ्यांना दिसेना म्हणून वाकल्या, अगदी जवळ गेल्या. गळ्यातली चांदीची करडगी पुढे झुलली आणि दारावर टेकली. टक्क. बरोबर त्या रेघेच्या टोकावर.

आम्ही तिघंही बघत राहिलो. अप्पांनी तोंडातली काडी काढली. अव्वांनी करडगी मुठीत धरली, रेघेवरून बोट फिरवलं, आणि त्यांना हसू फुटलं.

"एवढं जनावर टाळलं, आन् देवानंच ओरखाडलं की रे!"

अप्पाही हसले. मी नाही हसलो. मी फूटबोर्डावर खाली बसलो. अप्पा म्हणाले, मुंबईचा पॉलिशवाला बोलावून काढून टाकू. अव्वा म्हणाल्या, "राहू दे. न्हाय तरी माझंच दार हाय."

नीलव्वा त्याच आठवड्यात गेल्या. अव्वा तोवर त्यांच्या उशाशीच होत्या. ते आसन त्यांनी बहिणीबरोबर जाऊ दिलं, कोपरा नसलेलं. सोलापूरला परत आल्यावर त्यांनी माझ्याकडून स्पंजाचा डबा मागून घेतला. मला वाटलं, फेकायला. तर म्हणाल्या, "जीव होता म्हणतो ना बसू? मग पुर." त्यांच्या लिंगायतांत माणसाला पुरतात. मी परसात खड्डा केला, स्पंज ठेवला, अव्वांनी वरून चिमूटभर विभूती टाकली. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज पहिल्यांदा लिहितोय.

पुढे गाडी मी त्या जावळाच्या पिशवीनेच धुतली. विरली तेव्हा मैंदर्गीच्या धनगरांकडून तशीच दुसरी करून आणली. पुष्कळ मालक यायचे बघायला, हा काय लावतो म्हणून. सांगितलं तरी पटायचं नाही. अव्वा पुन्हा दर सोमवारी गाडीने देवळात जायला लागल्या. मी धूत असलो की ओट्यावरून वाती वळता वळता विचारायच्या, "सिद्या, रेघ हाय का गेली?" मी म्हणायचो, "हाय, अव्वा." एवढीच आमची थट्टा. अप्पा जवळ असले की तोंड फिरवून घ्यायचे. एवढ्या गाडीवर ती एक रेघ त्यांना खुपायची, मला ते दिसत होतं.

काही वर्षांनी अव्वाही गेल्या.

त्यानंतरच्या सोमवारी देवळात न्यायला कुणी नव्हतं, तरी सवयीने मी सकाळी गाडी धुवायला काढली. अप्पा बाहेर आले आणि ओट्यावर अव्वांच्या जागी बसले. माझ्या छातीत जुनं धडधडणं सुरू झालं. आता अडवणारं कुणी नाही. आता म्हणतील, पॉलिशवाल्याला बोलाव. मी टप धुतला, बॉनेट धुतलं, मुद्दाम वेळ काढला. शेवटी त्या दारापाशी आलो.

"सिद्राम."

"जी, अप्पा."

ते माझ्याकडे बघत नव्हते. चौकाच्या पलीकडे कुठेतरी बघत होते. म्हणाले,

"रेघ हाय का गेली?"

मी पिशवीतला हात दारावर ठेवला.

"हाय, अप्पा," म्हणालो.